फोर्टमध्ये शिरायचं कुठून, बाहेर पडायचं कुठून

मुंबईत नव्याने येणारा माणूस ‘फोर्टला कसं जायचं?’ असं विचारतो आणि त्याला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : सीएसएमटीला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरा. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच आहे. सीएसएमटीला उतरायचं, सरळ गेटवे गाठायचं, फोटो काढायचे आणि पाय दुखायला लागले की आल्या रस्त्याने परत सीएसएमटी गाठायची, अशा तऱ्हेने दिवस घालवणारी कितीतरी कुटुंबं दिसतात. राजाबाई टॉवर आणि ओव्हल मैदान त्यांच्या वाटेत येतच नाहीत. म्हणून माझं सांगणं असं की आधी वाहन ठरवू नका. आधी दोन दरवाजे ठरवा, आत जायचा एक आणि बाहेर पडायचा दुसरा. वाहन त्यावरून आपोआप ठरतं.

दरवाजे म्हणतोय ते उगाच नाही. आज आपण ज्याला फोर्ट म्हणतो तिथे खरोखरच तटबंदी होती आणि तिला तीन मुख्य दरवाजे होते. उत्तरेला बझार गेट, पश्चिमेला चर्च गेट आणि दक्षिणेला समुद्राच्या अंगाला अपोलो गेट. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात, १८६० च्या दशकात, तट पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर आज आपण पाहायला येतो त्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. तट गेला तरी येण्याजाण्याच्या दिशा बदलल्या नाहीत. बझार गेटच्या बाजूला आज सीएसएमटी आहे, चर्च गेटच्या बाजूला चर्चगेट स्थानक आणि अपोलो गेटच्या बाजूला गेटवेचा धक्का. नव्या माणसाने हे तीन कोपरे डोक्यात पक्के केले की फोर्टमध्ये हरवायची भीती संपते.

तुम्ही कुठून येताय?

पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर किंवा कोकणातून सीएसएमटीपर्यंत येणारी गाडी मिळत असेल तर दुसरा विचार करू नका. डेक्कन क्वीन किंवा पंचवटीने आलात की तुम्ही थेट फोर्टच्या उंबरठ्यावरच उतरता. फक्त एक लक्षात ठेवा. सीएसएमटीला १८ फलाट आहेत. १ ते ७ लोकलचे, त्यापुढचे लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. शेवटच्या फलाटांवर उतरून गर्दीमागे पूर्वेच्या फाटकातून बाहेर पडलात तर पी. डिमेलो रोडला लागाल. फोर्टची सुरुवात तिथून करू नका. स्थानकाच्या आतूनच लोकलच्या फलाटांकडे, म्हणजे पश्चिमेला चालत या आणि महापालिकेच्या इमारतीसमोर बाहेर पडा. सामान जड असेल तर स्थानकातल्या क्लोक रूममध्ये ठेवता येतं. पिशव्यांना कुलूप आणि हातात प्रवासाचं तिकीट असू द्या.

गाडी दादरपर्यंतच येत असेल तर मध्य रेल्वेच्या बाजूने सीएसएमटी लोकल आणि पश्चिम रेल्वेच्या बाजूने चर्चगेट लोकल, दोन्ही मिळतात. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरणाऱ्यांना बाहेर पडताच रिक्षा-टॅक्सीवाले घेरतात. त्यांच्या नादी न लागता पादचारी पुलावरून टिळकनगर स्थानकात जा. ते हार्बर मार्गावर आहे आणि तिथून लोकल थेट सीएसएमटीला येते. वांद्रे टर्मिनसला उतरलात तर वांद्रे किंवा खार रोड स्थानकातून चर्चगेट लोकल घ्या. मुंबई सेंट्रलला उतरलात, एसटीने आलात तरी, शेजारच्याच लोकल स्थानकातून चर्चगेट चौथं स्थानक आहे. तेवढ्यासाठी टॅक्सी करायचं काही कारण नाही.

विमानाने येणाऱ्यांसाठी आता चित्र पार बदललं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो ३ पूर्ण सुरू झाली आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स फोर्टला एका रुळाने जोडली गेली. आरे ते कफ परेड अशी ही ३३.५ किलोमीटरची मार्गिका. तिच्यावर सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि विधान भवन अशी एकामागून एक स्थानकं आहेत. भाडं अंतराप्रमाणे १० ते ७० रुपये. विमानतळावरून हुतात्मा चौकाला साधारण पाऊण तास लागतो. रस्त्याने तेवढ्या वेळात कधी पोहोचाल याची खात्री कुणीच देणार नाही. दोन गोष्टी मात्र सांगून ठेवतो. मेट्रोचं दादर स्थानक रेल्वेच्या दादर स्थानकाला चिकटून नाही, बरंच चालावं लागतं, म्हणून लोकल सोडून मेट्रो पकडायचा बेत दादरला करू नका. आणि खाली भुयारात मोबाइलला नेटवर्क मिळेलच असं धरून चालू नका. ॲपवरचं तिकीट वर रस्त्यावर असतानाच काढा, नाहीतर खिडकीवर रोख द्या.

अलिबागकडच्या लोकांना तर मुंबईत शिरायचा सगळ्यात देखणा रस्ता मिळालेला आहे. मांडव्याहून लाँचने साधारण तासाभरात गेटवेला उतरता येतं. पाण्यावरून येताना आधी गेटवेची कमान दिसते, मागे ताजचा घुमट. १९२४ साली ही कमान ज्या बाजूने पाहिली जावी म्हणून बांधली ती हीच बाजू. तुम्ही दक्षिणेच्या दरवाजातून आत आलात, तेव्हा पुढे दिलेला रस्ता उलटा चाला आणि सीएसएमटीला संपवा. पावसाळ्यात, जून ते ऑगस्टअखेर, गेटवेच्या लाँच बंद असतात. तेव्हा मांडव्याहून रो-रो बोट, म्हणजे गाड्याही वाहून नेणारी बोट, भाऊच्या धक्क्याला आणते. तिथून जवळचं लोकल स्थानक डॉकयार्ड रोड, आणि डॉकयार्ड रोडहून सीएसएमटी तिसरं स्थानक.

स्वतःच्या गाडीने यायचा विचार असेल तर कळकळीने सांगतो, गाडी ठाणे, पनवेल, बोरिवली, जिथे सोय असेल तिथे लावा आणि पुढे लोकलने या. अटल सेतू आणि फ्रीवेमुळे फोर्टपर्यंत पोहोचणं सोपं झालंय, पण पोहोचल्यावर गाडी कुठे ठेवणार? इथले आतले रस्ते घोडागाड्यांच्या काळातले आहेत. पे अँड पार्कच्या जागा कामाच्या दिवशी सकाळीच भरून जातात. जागा मिळाली तरी तुम्ही त्या गाडीला बांधले जाता. जिथून सुरुवात केली तिथेच परत यावं लागतं आणि दोन दरवाज्यांचा सगळा फायदा जातो.

तिकीट आणि वेळ

परतीचं तिकीट काढू नका. नवखा माणूस सवयीने ‘रिटर्न’ मागतो. पण तुम्ही मध्य रेल्वेच्या सीएसएमटीला उतरणार आणि निघणार पश्चिम रेल्वेच्या चर्चगेटहून. ते परतीचं तिकीट तिकडे चालत नाही. जातानाचं एक आणि येतानाचं वेगळं, अशी दोन तिकिटं काढा. ठाणे-कल्याणकडे परतायचं असेल तर चर्चगेटच्या खिडकीवर ‘व्हाया दादर’ असं सांगून थेट तिकीट मागा आणि दादरला गाडी बदला. दुसऱ्या वर्गाचं तिकीट ५ रुपयांपासून सुरू होतं. दादर ते सीएसएमटी तेवढ्यातच होतं. रेलवन ॲप असेल तर रांग टळते, पण फलाटावर उभं राहून तिकीट काढायला जाऊ नका, घरून निघतानाच काढा.

वेळेचा हिशेब असा. सकाळी ८ ते ११ अख्खी मुंबई दक्षिणेकडे कामाला जाते आणि संध्याकाळी ५ ते साडेआठ उलटी परत निघते. तुम्हाला कुठल्याही कचेरीत हजेरी लावायची नाही, मग त्या गर्दीत कशाला शिरायचं? एकतर सकाळी सातच्या सुमारास या किंवा अकरानंतर. माझं मत विचाराल तर सकाळीच या. पूर्वेकडून येणारं कोवळं ऊन उच्च न्यायालयाच्या दगडावर पडतं तेव्हा रस्त्यावर वर्तमानपत्रवाले आणि चहावाले यांच्याखेरीज फारसं कुणी नसतं.

रविवार की कामाचा दिवस, हा प्रश्न नेहमी येतो. रविवारी फोर्ट शांत असतो, रस्ता ओलांडायला थांबावं लागत नाही आणि इमारती नीट दिसतात. पण पुष्कळ दुकानं आणि खाण्याच्या जागा बंद असतात, आणि मुख्य म्हणजे मेगाब्लॉक असतो. रुळांच्या कामासाठी रविवारी दिवसा काही मार्गांवर लोकल बंद किंवा वळवलेल्या असतात. शनिवारी संध्याकाळीच बातम्यांत पाहून ठेवा की ब्लॉक मध्य, हार्बर की पश्चिम मार्गावर आहे. ज्या मार्गावर नाही त्या बाजूचा दरवाजा निवडा. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर शनिवार सकाळ मला सगळ्यात बरी वाटते.

आता चालायला लागा

फोर्टच्या आत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला वाहन शोधत बसू नका. सीएसएमटी ते चर्चगेट सरळ गेलात तर वीस मिनिटांचं अंतर आहे. मी सांगतोय तो वळणावळणाचा रस्ता साडेतीन किलोमीटरच्या आसपास भरतो. थांबत, बघत, चहा घेत अर्धा दिवस पुरतो.

सीएसएमटीच्या बाहेर आलात की लगेच भुयारी मार्गात उतरू नका. आधी मागे वळून स्थानकाकडे पाहा. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात त्याला तिचं नाव दिलं गेलं, २००४ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. समोरची महापालिकेची इमारत, १८९३ ची, तीही त्याचीच. दोघींच्या मध्ये उभं राहायची जागा म्हणजे तो चौक, आणि तिथली वाहतूक क्षणभर थांबत नाही. म्हणून रस्ता वरून ओलांडायचं धाडस करू नका. भुयारी मार्ग खाली अनेक तोंडांनी फुटतो आणि आत दुकानांची गर्दी असते. दिशा चुकली तर पाट्या शोधत बसण्यापेक्षा दुकानदाराला ‘डी. एन. रोडला कुठून?’ एवढं विचारा.

दादाभाई नौरोजी रोडवर आलात की दोन्ही बाजूंच्या इमारतींखालून कमानींची ओवरी सुरू होते. ही ओवरीच तुमचा फुटपाथ. मे महिन्यातही तिच्यात सावली असते आणि जुलैत छत्री मिटून चालता येतं. फेरीवाल्यांमुळे चालायला जागा कमी उरते हे खरं, पण वर नजर टाकत राहा, कारण या रस्त्याची शोभा पहिल्या मजल्याच्या वर आहे. वाटेत सिद्धार्थ महाविद्यालयाची इमारत लागते. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत सुरू केलेलं हे कॉलेज. दगडी गॉथिक इमारतींच्या नादात पुष्कळ जण त्याच्यासमोरून न पाहता निघून जातात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. तुम्ही थांबा.

दहा-बारा मिनिटांत हुतात्मा चौक येतो. १८६४ चं फ्लोरा फाउंटन पाडलेल्या चर्च गेटच्या जागी उभं आहे आणि त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक, १९६१ चं. आज तुम्ही मराठीत पाटी वाचत या चौकातून चालताय ते या माणसांमुळे, एवढं मुलांना जरूर सांगा.

इथून बहुतेक लोक सरळ पुढे काळा घोड्याकडे जातात. तुम्ही डावीकडे वळा. वीर नरिमन रोडवर थोडं पुढे गेलं की सेंट थॉमस कॅथेड्रल आहे, १७१८ मध्ये खुलं झालेलं. मुंबईचे जुने मैलांचे दगड या चर्चपासून मोजलेले आहेत, म्हणजे शहराचं शून्य इथे आहे. त्याच्यापुढे हॉर्निमन सर्कलची गोलाकार बाग, आणि तिच्या पलीकडे एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या. १८३३ मध्ये पूर्ण झालेला हा टाउन हॉल. पायऱ्यांवर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. निम्मी चाल झालेली असते, तेव्हा इथे पाणी प्या, पाय मोकळे करा.

मग मुंबई समाचार मार्गाने दक्षिणेकडे चला. १८२२ पासून निघणाऱ्या ‘मुंबई समाचार’ या गुजराती पत्राची लाल इमारत याच रस्त्यावर आहे आणि जवळच शेअर बाजाराचा मनोरा. तिथून काळा घोडा जेमतेम दहा मिनिटं. ज्या पुतळ्यावरून हा भाग ओळखला जातो तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये इथून हलवला. तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे, आणि इथे २०१७ पासून स्वाराविना घोडा उभा आहे. बाजूलाच डेव्हिड ससून ग्रंथालय, आणि लोखंडी सांगाड्यावर उभी असलेली वॉटसन हॉटेलची इमारत. १८९६ च्या जुलैमध्ये याच इमारतीत ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. भारतात सिनेमा असा आला.

जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव असतो. त्या नऊ दिवसांत इथला रस्ता वाहनांना बंद असतो आणि संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. इमारती पाहायच्या असतील तर ते दिवस टाळा.

गेटवे आणि बस-टॅक्सीचं गणित

काळा घोड्यावरून गेटवेला जायचं असेल तर चालीत जाऊन-येऊन दीड किलोमीटरची भर पडते. आधीच दमला असाल तर इथे टॅक्सी करा. काळी-पिवळीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं सध्या ३१ रुपये आहे. सीएसएमटी ते गेटवे मीटरने पन्नास-साठ रुपयांत होतं, तेव्हा कुणी अंगावर दोनशेचा आकडा टाकला तर शांतपणे ‘मीटरने चला’ म्हणा, नाहीतर पुढची टॅक्सी बघा. रिक्षा शोधू नका. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षांना परवानगीच नाही.

बेस्टची बस अजून स्वस्त. किमान भाडं साधं १० रुपये, वातानुकूलित १२. मराठी वाचणाऱ्याला बसचा मोठा आधार असा की पुढच्या पाटीवर क्रमांक आणि ठिकाण देवनागरीत असतं. वातानुकूलित बसच्या क्रमांकाआधी ‘ए’ असतो. सीएसएमटी ते नरिमन पॉइंटचं एनसीपीए नाट्यगृह अशी जाणारी ए-११५ ही दुमजली विजेवरची बस मुलांना फार आवडते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर फोर्ट वेगळाच दिसतो. बस कुठवर आली ते ‘चलो’ ॲपवर कळतं. थांबा कळणार नाही असं वाटलं तर चढल्याबरोबर वाहकाला सांगून ठेवा, ‘मास्तर, म्युझियम आलं की सांगा हं.’ बहुतेक जण आठवणीने सांगतात.

घारापुरीला जायचं असेल तर तो वेगळा दिवस ठेवा. बोटी गेटवेहून सुटतात, लेणी सोमवारी बंद असतात, आणि फोर्टबरोबर एका दिवसात ते कोंबलं तर दोन्हीकडे घाई होते.

गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांसाठी हा सगळा रस्ता नको. त्यांना मेट्रोने हुतात्मा चौकात आणा. स्थानकात लिफ्ट आहे, सीएसएमटीच्या भुयारी मार्गातल्या पायऱ्या टळतात आणि हॉर्निमन सर्कल, काळा घोडा दोन्ही हाकेच्या अंतरावर येतात. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच दिवशी असेल तर फोर्टचा बेतच पुढे ढकला. फोर्टमध्ये फार अडचण होत नाही, पण कुर्ला-सायनच्या रुळांवर पाणी चढलं की परतीची लोकल कधी सुटेल ते सांगता येत नाही.

चर्चगेटकडे

काळा घोड्यावरून विद्यापीठाच्या कडेने उत्तरेला चला. राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, दोन्ही १८७८ ची कामं, एका ओळीत येतात. त्यांच्याकडे जवळून पाहायचं नाही. ओव्हल मैदानाच्या मधून जी पायवाट जाते ती धरा, अर्ध्यावर थांबा. मागे १९ व्या शतकातली टोकदार गॉथिक रांग, समोर १९३० च्या दशकातल्या गोल सज्जांच्या आर्ट डेको इमारती. या दोन रांगा मिळूनच २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरल्या, आणि दोन्ही एकदम दिसतात त्या इथूनच. कडेने चालताना हाती येते ती एकच बाजू. आजूबाजूला क्रिकेटचे डाव चाललेले असतात. चेंडूवर लक्ष असू द्या.

भूक लागली असेल तर क्रॉस मैदानाजवळच्या खाऊ गल्लीत पावभाजी, डोसे, सँडविच सगळं मिळतं आणि तिथून चर्चगेट स्थानक पाच मिनिटांवर आहे. स्थानकासमोरच्या चौकात १९३८ चं इरॉस चित्रपटगृह दिसेल.

चर्चगेटला गाडीत बसायला जागा मिळायची शक्यता चांगली असते, कारण सगळ्या लोकल इथूनच सुटतात. संध्याकाळ झाली असेल तर एक सांभाळा. दादर, वांद्रे किंवा अंधेरीला उतरायचं असेल तर विरार फास्टमध्ये चढू नका. दारापर्यंत पोहोचणं नवख्याला जमत नाही आणि पुढची स्थानकं मागे पडतात. इंडिकेटरवर धीमी गाडी बघा, नाहीतर अंधेरी लोकल घ्या, आणि तुमचं स्थानक यायच्या आधीच्या स्थानकावर उठून ‘पुढे उतरणार का?’ असं विचारत दाराकडे सरका. फलाट कुठल्या बाजूला येणार हेही तेव्हाच विचारून घ्या.